वारसाची जमीन आणि संशयास्पद दस्त

पाचोरा तालुक्यातील कपाशीच्या काळ्या रानांवर कुटुंबांची उपजीविका पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असली, तरी खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसांची नोंद अनेकदा वर्षानुवर्षे होत नाही, आणि भाऊबंदकीतील फसवणुकीला बहुधा तिथूनच वाट मिळते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 नुसार वारसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यायची असते. त्यानंतर फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6 मध्ये, नोंद घेतली जाते, हितसंबंधितांना नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. सासरी गेलेल्या बहिणीचे नाव वारसांच्या यादीतून गळते ते याच टप्प्यावर.

फेरफार झाला म्हणजे मालकी मिळाली, हा समज मात्र चुकीचा आहे. महसुली नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि संपतही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली सावरणी विरुद्ध इंदर कौर या खटल्यात स्पष्ट केले. त्याआधीच सांगलीतील मगदूम कुटुंबाच्या दाव्याने वारसांच्या हिश्शाचे गणित निश्चित केले होते. 1960 मध्ये पतीचे निधन झाल्यावर विधवा हिराबाईंनी 1962 मध्ये वाटपाचा दावा लावला, तेव्हा मुलाचे म्हणणे असे होते की वडिलांनी हयातीतच वाटण्या करून टाकल्या होत्या. न्यायालयाने ते मान्य केले नाही. पतीच्या मृत्यूपूर्वी लगेच वाटणी झाली असती तर पती, पत्नी व दोन मुलगे यांना प्रत्येकी 1/4 मिळाला असता, आणि पतीचा तो हिस्सा पुढे पत्नी, मुलगे व मुली अशा सहा वारसांत विभागला जातो, म्हणून हिराबाईंचा एकूण वाटा 7/24 ठरतो, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली दिला. खालच्या न्यायालयाने त्यांना केवळ 1/24 दिला होता, यावरून आपला नेमका हिस्सा माहीत असण्याचे मोल कळावे.

आज वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क आहे. तो महाराष्ट्राने 1994 मध्ये, केंद्राने 2005 मध्ये दिला, आणि 2005 मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, हे विनीता शर्मा खटल्यात 2020 साली ठरले. तरीही खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी येणारी बहीण माहेर तुटेल या भीतीने हक्कसोडपत्रावर, म्हणजे आपला हिस्सा सोडून देणाऱ्या दस्तावर, सही करते. समजून-उमजून केलेला त्याग हा तिचा अधिकार आहे. परंतु ‘कर्जाचे कागद’ म्हणून घेतलेली सही हा त्याग नव्हे, ती फसवणूक आहे.

अशी शंका येताच भांडणाआधी कागद मिळवावेत. सातबारा, सर्व जुने फेरफार आणि दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक दोन, जिच्यात नोंदणीकृत व्यवहारांचा गोषवारा असतो, यांच्या प्रमाणित नकलांवरून कोणता दस्त केव्हा, कोणाच्या साक्षीने झाला ते उलगडते. दस्तावरील छायाचित्र, अंगठा आणि ओळख पटवणाऱ्यांची नावे तर विशेष बारकाईने पाहावीत. चुकीच्या फेरफाराविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे साठ दिवसांत अपील करता येते. दस्त रद्द करून घेण्यासाठी मात्र दिवाणी न्यायालयातच जावे लागते, आणि त्याची मुदत फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची असते. दावा दाखल करताना जमीन विकण्यास मनाई मागणेही तितकेच निकडीचे आहे, कारण तिऱ्हाइताच्या हाती गेलेली जमीन परत मिळवणे फार अवघड होते.

तोतया उभा करून दस्त नोंदवणे हा नोंदणी अधिनियम, 1908 खाली सात वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे आणि बनावट सहीसाठी भारतीय न्याय संहितेखाली फिर्याद देता येते. परंतु आरोपीला शिक्षा झाली तरी हिस्सा आपोआप मिळत नाही, म्हणून केवळ फिर्यादीवर विसंबून दिवाणी मुदत दवडू नये. कुटुंबाची तडजोडीची तयारी असल्यास लोकअदालतीतील निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचेच बळ असते आणि त्यावर अपील नसते. वकिलाच्या खर्चामुळे मागे राहणाऱ्या बहिणींनी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.