बापाच्या गोळ्यांचा हिशेब

दिवाळीची सुट्टी संपली की आश्रमशाळेत पहिले दोन दिवस वह्या तपासण्यात जातात. सातवीतल्या एका मुलाच्या गणिताच्या वहीचं शेवटचं पान असंच माझ्या हाती लागलं. पानभर तारखा होत्या. प्रत्येक तारखेपुढे दोन उभ्या रेघा, एक सकाळची, एक रात्रीची. दोन तारखांपुढे एकच रेघ आणि शेजारी पेन्सिलीनं लिहिलेलं, 'थुंकला'. विचारलं तर म्हणाला, "बाबाच्या गोळ्या हायेत मॅडम. माय धान कापाले बांधीत जाते, मंग मीच देतो."

त्याच्या बापावर उपचार सुरू होते. निदान झालं होतं, औषधं मिळाली होती, पुढची तारीखही चिठ्ठीवर होती. घरात लेकरू आहे का आणि त्याच्या वाट्याला काय आलंय, हे मात्र कुणीच विचारलं नव्हतं. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेत शिकवते, मुलींच्या वसतिगृहाचंही काम पाहते. त्याआधी चंद्रपूरच्या बाजूला होते. मनाचा आजार झालेल्या आईबापांची लेकरं दोन्हीकडे पाहिली. त्यांच्याबद्दल कुणीतरी उघडपणे बोलायला हवं, म्हणून हे लिहिते आहे.

मोठ्यांना जो आजार दिसतो, तो लेकरांना वेगळाच दिसतो. स्किझोफ्रेनियात माणसाला कुणी नसताना आवाज ऐकू येतात, शेजारीपाजारी आपल्या वाइटावर टपलेत असं ठाम वाटू लागतं. लेकराला दिसतं ते एवढंच, की कालपर्यंत खांद्यावर बसवून बाजाराला नेणारा बाप आज त्याच्याच हातचं पाणी प्यायला घाबरतो. तीव्र नैराश्यात आई दिवसेंदिवस खाटेवरून उठत नाही. लेकराला वाटतं, ती माझ्यावर रुसली आहे. बाळंतपणानंतर हजारातल्या एक-दोन बायकांना काही दिवसांतच तीव्र मानसिक आजार होतो. झोप उडते, बोलण्याचा मेळ लागत नाही, कधी स्वतःचं बाळही परकं वाटतं. हा आजार वेळेत ओळखला तर औषधांनी चांगला बरा होतो. पण तोवर घरातली नऊ-दहा वर्षांची थोरली लेक त्या बाळाची आई झालेली असते.

रात्री वसतिगृहातले दिवे मालवले की मुली बोलू लागतात. "मी मायसंग भांडली, म्हणून तिचं डोकं फिरलं का?" असं एकीनं विचारलं होतं. दुसरीनं बऱ्याच दिवसांनी धीर करून विचारलं, "मॅडम, हे मलेही होईल का?" मोठ्यांनी काही सांगितलं नाही की लेकरं असे दोष स्वतःकडे घेतात आणि अशी भीती उराशी धरून बसतात.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर साफ 'नाही' असं आहे. भांडणानं, हट्टानं किंवा परीक्षेत नापास झाल्यानं आईबापाला स्किझोफ्रेनिया होत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही खरं द्यायला हवं. साधारणपणे शंभरातल्या एकाला हा आजार होतो. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला असेल तर मुलांमध्ये हे प्रमाण शंभरात दहाच्या आसपास जातं. म्हणजे दहातल्या नऊ मुलांना तो होत नाही. हे ऐकल्यावर त्या मुलीनं वहीवर बोटानं गुणिले-भागिले करून पाहिलं आणि मग झोपायला गेली.

आमच्याकडे या आजाराला आधी दुसरीच नावं मिळतात. कुणी करणी म्हणतं, कुणी जादूटोणा, चंद्रपूरकडच्या जिवतीच्या डोंगराळ भागात भानामती. लोक आधी पुजाऱ्याकडे जातात. त्यांना मी दोष देत नाही, कारण पुजारी गावात असतो आणि डॉक्टर कुठल्या कुठे. पण 'करणी' म्हटलं की करणारा शोधावा लागतो. जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात ऑगस्ट २०२१ मध्ये भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना आणि बायकांना भर चौकात बांधून मारलं. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. भूत उतरवायचं म्हणून माणसाला बांधणं, मारणं हा त्याखाली गुन्हा आहे. मानसिक आरोग्य कायदा २०१७ नेही रुग्णाला साखळदंडानं बांधायला मनाई केली आहे. ज्या लेकराच्या आईला गावानं चेटकीण ठरवलं, त्याच्याशी शाळेतली पोरंही खेळेनाशी होतात. आजार आईला झालेला असतो आणि वाळीत पोरगं पडतं.

अंतराचा प्रश्न वेगळाच. विदर्भासाठी प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूरला आहे. भामरागडच्या पलीकडच्या पाड्यावरून आधी गडचिरोलीला यायचं म्हटलं तरी दिवस जातो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो आणि गोळ्यांचा खंड पडतो. गोळ्या तुटल्या की आजार उलटतो आणि त्याचा पहिला फटका घरातल्या लेकरांना बसतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयात उपचार मिळतात. धानोरा रस्त्यावर चातगावजवळ डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं शोधग्राम आहे. तिथल्या माँ दंतेश्वरी दवाखान्यातही मानसिक आजारांची ओपीडी चालते. तो दवाखाना आदिवासींच्या सांगण्यावरून झोपड्यांसारखा बांधला आहे आणि रुग्णाचे नातेवाईक तिथं सोबत राहू शकतात. मनाच्या आजारात याचं मोल मोठं आहे, कारण औषध कसं द्यायचं, कधी घाबरायचं आणि कधी नाही, हे सगळं घर एकदमच शिकतं.

आश्रमशाळा अशा लेकरांना आसरा देते. वेळेवर जेवण, झोप, सोबती, सगळं मिळतं. पण लेकरू इथं असलं तरी त्याचं चित्त घरी असतं. मोहफुलांच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, एखादी मुलगी अचानक गैरहजर होते आणि हजेरीपटावर आपण 'अनियमित' लिहून मोकळे होतो. मे महिन्यात तेंदूचा हंगाम येतो. ७० पानांचा एक पुडा, असे शेकडो पुडे बांधायला घरातले सगळे हात लागतात. जेमतेम दोन आठवड्यांचा तो हंगाम, पण वर्षाचा रोख पैसा त्यातूनच येतो. आई आजारी असेल तर तिचे पुडे लेकीला बांधावे लागतात. एका गावात चुलत्यानं आणि शेजारणीनं मिळून आजारी बाईची पानं आपल्यासोबत तोडली, तिच्या नावानं फडीवर, म्हणजे पानं गोळा करतात तिथं, दिली. त्या वर्षी तिची लेक जूनअखेर पहिल्याच दिवशी शाळेत हजर झाली. मला विचाराल तर मदत म्हणतात ती हीच.

लेकरांना सांगायचं काय, हे पालक मला विचारतात. मी सांगते, खरं सांगा आणि त्यांना कळेल तेवढंच सांगा. आमच्या मुलांना मलेरिया पक्का ठाऊक आहे. मग मी म्हणते, मलेरियात अंग तापतं, तसे या आजारात विचार तापतात. मलेरिया कुणाच्या पापानं होत नाही, हाही होत नाही. ताप उतरला तरी गोळ्या पुऱ्या कराव्या लागतात, तशाच या गोळ्याही डॉक्टर सांगतील तोवर घ्याव्या लागतात. मग आम्ही एक कागद करतो. बाबा खूप चिडले, घाबरले, तर तू काय करशील? धाकट्याला घेऊन कुणाच्या घरी जाशील? त्या कागदावर आजीचं घर, आशाताईचं नाव, पोलीस पाटलाचा फोन असतो. भांडण सोडवायचं नाही, समजूत घालत बसायचं नाही, आधी बाहेर पडायचं. हा कागद घडी करून कंपासपेटीत ठेवला की लेकराची निम्मी भीती कमी होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

वहीवाल्या मुलाच्या घरी आम्ही आशाताईंना नेलं. गोळ्या द्यायचं काम त्यांनी आणि आजोबांनी वाटून घेतलं. पोराला सांगितलं, तू बाबाजवळ बस, गप्पा मार, त्याच्यासोबत बैल चारायला जा, पण गोळ्यांचा हिशेब आता मोठी माणसं ठेवतील. त्याला आधी ते पटेना. आपलं काम काढून घेतलं असं त्याला वाटलं. म्हणून आजोबा रोज रात्री त्याला 'दिली' एवढं सांगत राहिले.

दारूचंही बोलायला हवं. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागली आणि २०२१ मध्ये उठली. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' हा दारू-तंबाखूविरोधी कार्यक्रम गावोगाव चालतो. दारूचं व्यसन हाही आजार आहे आणि कैकदा त्याच्या आड दडलेलं नैराश्य असतं. बापाची बाटली लपवणारं पोर आणि बापाच्या गोळ्या मोजणारं पोर, दोघांचंही बालपण सारखंच खर्ची पडत असतं.

मराठी माणसानं या दुःखातून मोठं काम उभं केल्याचं उदाहरणही आहे. मूळचे धुळ्याचे आणि कॅनडातल्या कॅलगरीत प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिथं नातेवाइकांचे गट भरतात, माणसं एकमेकांना आपलं सांगतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) या चित्रपटामागेही त्यांचं पाठबळ होतं. अशा घरातल्या मुलांसाठी नॉर्वेत तर २०१० पासून कायदाच आहे. उपचारासाठी आलेल्या माणसाला मुलं आहेत का आणि त्यांना काय हवं आहे, हे आरोग्य कर्मचाऱ्यानं पाहायलाच हवं.

आपल्याकडेही हाताशी काहीच नाही असं नाही. मानसिक आरोग्य कायद्यानं तीन वर्षांखालच्या बाळाला उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा तोडू नये असं सांगितलं आहे. पालक गंभीर आजारी असतील किंवा रुग्णालयात असतील तर मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. तिच्यातून महिन्याला २,२५० रुपये मिळतात आणि अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करायचा असतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये मानसिक आजाराचाही समावेश आहे. प्रमाणपत्र मिळालं तर संजय गांधी निराधार योजनेसाठी अर्ज करता येतो. हे कागद भरायला घरात कुणी नसतं. ते शिक्षकानं, ग्रामसेवकानं, अंगणवाडीताईनं भरून द्यावेत.

माझं मागणं फार मोठं नाही. डॉक्टरांनी केसपेपरवर औषधांच्या खाली एक ओळ वाढवावी: घरात मुलं किती, त्यांचं कोण पाहतं? आशाताईंनी गोळ्यांची चौकशी करताना लेकराचीही करावी. शिक्षकांनी 'अनियमित' लिहिण्याआधी घर गाठावं. आणि तुमच्या शेजारी असं घर असेल तर त्यातल्या मुलांना जेवायला बोलवा, त्यांच्या आईबापाबद्दल चांगलं बोला. मनाच्या आजारासाठी 'टेलिमानस'चा १४४१६ आणि मुलांसाठी चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हे दोन्ही क्रमांक चोवीस तास फुकट लागतात. शाळेच्या भिंतीवर ते आजच मोठ्या अक्षरात लिहा.