पळसाला पाने तीन, आणि रंग?

फाल्गुनात आदिलाबादहून उटनूरकडे निघालं की रान पेटल्यासारखं दिसतं. झाडावर पान नाही, नुसती केशरी फुलं. आपण त्याला पळस म्हणतो, इथले तेलुगू शेजारी मोदुगु. होळीचा रंग याच फुलांचा. पण होळीचा हा रंग दोन अंघोळींत जातो, मग तोच सुतावर कसा टिकवायचा?

मैत्रीण म्हणाली, "करूनच बघू." तिचंच अंगण, तिचीच चूल, १०० ग्रॅम सुताच्या तीन लड्या.

पहिला धक्का रंगाच्या आधीच बसला. कोरी लडी पाण्यात टाकली तर ती तरंगली! कापूस पाणी पितो म्हणतात ना? पितो, पण कोऱ्या कापसाच्या प्रत्येक तंतूवर मेणाचा पातळ थर असतो. धुण्याचा सोडा घालून तासभर उकळलं, तेव्हा पाणी चहासारखं झालं. पांढऱ्याशुभ्र लडीतून एवढं निघालं! आता तीच लडी टाकताक्षणी बुडाली.

खरा पेच पुढे. लोकर आणि रेशीम रंगाला पटकन धरतात. कापूस मोठा हटवादी. पळसाच्या काढ्यात सुताचा नुसताच एक तुकडा बुडवला, तो मस्त पिवळा झाला आणि नळाखाली धरताच जवळजवळ कोरा. रंग सुताला फक्त भेटून आला होता.

मग मध्यस्थ आणले. २० ग्रॅम हिरडापूड रात्रभर, त्यानंतर १५ ग्रॅम तुरटीचं पाणी. हिरड्यातला तुरट अंश कापसाला चिकटतो. तुरटीत ॲल्युमिनियम असतं, ते एका हाताने हिरड्याला धरतं, दुसऱ्या हाताने रंगाला. इथल्या कापूस बाजारातला अडत्याच म्हणा! फक्त हा अडत्या सौदा पटवून उठून जात नाही, दोघांच्या मध्ये ठाण मांडून बसतो. अशा पक्क्या रंगात धातू विणलेला असतो.

आणि धातू बदलला तर? दुसरी लडी रंगवून गंजके खिळे मुरवलेल्या गूळपाण्यात घातली. गूळ आंबतो, त्याचं आम्ल लोखंड विरघळवतं. बघता बघता पिवळी लडी काळपट शेवाळी झाली! लोखंड आणि हिरडा भेटले की काळं होतंच. युरोपातली जुनी शाईही लोखंड आणि ओकच्या गाठींतल्या अशाच तुरट अंशापासून बनायची. ती लडी मात्र लगेच काढली, कारण लोखंड जास्त झालं तर पुढे सूत कुजतं. तिसरी लडी तुरटीचीच, फक्त शेवटी चुन्याच्या निवळीत फिरवली, तर पिवळ्याचं केशरी झालं. फूल एक, काढा एक, रंग तीन. मला वाटतं, रंग फुलात असतो म्हणण्यापेक्षा तो भेटीत जन्मतो म्हणावं.

ही युक्ती किती जुनी? मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटलेलं सुती कापड सापडलं, मंजिष्ठेने रंगवलेलं, चार हजार वर्षांहून जुनं. कापूस एवढा टिकला कसा? भांड्याच्या धातूचे क्षार त्यात मुरले म्हणून. कापसाला धातूनेच जपलं होतं.

लड्या सावलीत वाळत घातल्या, कारण कडक उन्हात पळसाचा रंग विटतो. पिवळी लडी सोडताना मैत्रीण हिरमुसली. लडीभोवतीचा दोरा मी फार घट्ट बांधला होता. गाठीखाली रंग पोहोचलाच नव्हता. पिवळ्याधमक सुतावर बोटभर पांढरा पट्टा, कडा किंचित पाझरलेल्या.

आम्ही त्याकडे बघत बसलो. १९५१ साली विनोबांचं भूदान जिथे सुरू झालं, त्या पोचमपल्लीत विणकर हेच मुद्दाम करतात. विणण्याआधी सुताला मोजून गाठी मारतात, रंगवतात, सोडतात, पुन्हा बांधतात. प्रत्येक पांढरा ठिपका साडीत नेमका कुठे पडणार, हे माग लागण्याआधीच ठरलेलं असतं. त्यांच्या नक्षीच्या कडा अशाच पाझरलेल्या दिसतात.

मैत्रिणीने उरलेलं कोरं सूत मांडीवर घेतलं आणि बोटांनी अंतर मोजत गाठी मारायला लागली.