कंप्रेसर जळतो, पण दोष गळतीचा
जुनी गाडी सांभाळताना : लेखांक 9

रात्री ठीकठाक उभी केलेली लँड रोव्हर डिस्कव्हरी सकाळी चाकांवर बसलेली दिसते. टायर आणि मडगार्ड यांच्यात जेमतेम बोटं शिरतील एवढी फट. गाडी सुरू केली की मागच्या डाव्या चाकाजवळून घरघर सुरू होते, बराच वेळ चालते, गाडी हळूहळू वर उठते आणि मालक कामाला निघतो. काही महिने हे असंच चालतं. मग एके दिवशी घरघर ऐकूच येत नाही. पिवळा दिवा लागतो, वेग ताशी 50 किलोमीटरच्या आत ठेवा अशी सूचना येते आणि गॅरेजमधून निरोप मिळतो, ‘कंप्रेसर गेला.’ नवा कंप्रेसर बसतो. बिल मोठं असतं. वर्षभरात तोही जातो, आणि ‘या गाड्याच असल्या’ असं म्हणून मालक ती विकायला काढतो.

हे टाळता येतं. एअर सस्पेन्शनच्या जुन्या एसयूव्हीत कंप्रेसर सहसा आपणहून मरत नाही, त्याला दुसरं कुणीतरी मारतं. ते दुसरं कोण, हे शोधायला महागडं यंत्र लागत नाही. मोजपट्टी, साबणाचं पाणी आणि एक रात्र पुरते.

उदाहरणासाठी डिस्कव्हरी 3 घेतली आहे. 2004 ते 2009 या काळात ती ब्रिटनमध्ये तयार झाली. टाटा मोटर्सने 2008 मध्ये फोर्डकडून जग्वार-लँड रोव्हर विकत घेतली आणि 2009 मध्ये मुंबईत लँड रोव्हरची अधिकृत विक्री सुरू झाली. त्या पहिल्या खेपांमधल्या गाड्या आता पंधरा वर्षांच्या पुढे गेल्या आहेत. त्यात दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, तेव्हापासून तिकडच्या अनेक गाड्या ‘ना हरकत’ घेऊन इतर राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. नव्या मध्यम एसयूव्हीच्या निम्म्या किमतीत जुनी आलिशान गाडी मिळते म्हणून माणूस हरखतो. त्या किमतीत चार रबरी बलूनचं वयही धरलेलं असतं, हे त्याला नंतर कळतं.

या गाडीत लोखंडी स्प्रिंग नाही. प्रत्येक चाकावर रबर आणि धाग्यांच्या थरांचा एक बलून असतो. गॅरेजात त्याला बलून किंवा बेलो म्हणतात. अडीच टनांची गाडी या चार बलूनमधल्या दाबलेल्या हवेवर तरंगते. हवा भरायला बारा व्होल्टचा छोटा इलेक्ट्रिक कंप्रेसर, साठवायला टाकी, ती कुठल्या चाकाला द्यायची हे ठरवायला व्हॉल्व्ह ब्लॉक, उंची कळवायला प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर आणि या सगळ्यांवर एक कंट्रोल युनिट. चढउतार सोपी व्हावी म्हणून गाडी नेहमीपेक्षा सुमारे 50 मिलिमीटर खाली येते, खडबडीत वाटेवर सुमारे 55 मिलिमीटर वर जाते. माणसं बसली, सामान भरलं, तरी मागची बाजू दबत नाही.

मुंबई-पुणे शिवनेरीने जाणाऱ्यांना हवेवरचा प्रवास नवा नाही. मग त्या बसचा कंप्रेसर असा ऊठसूट का जळत नाही? कारण डिझेल बसचा कंप्रेसर इंजिनच्या जोरावर चालतो, ब्रेकलाही तोच हवा पुरवतो, आणि दिवसभर राबण्याच्या हिशेबानेच तो घडवलेला असतो. एसयूव्हीतला कंप्रेसर थोडा वेळ चालायचा आणि मग थंड व्हायचं, एवढ्याच बेताने बनवलेला आहे. जास्त तापला तर कंट्रोल युनिट त्याला बंद करतं.

आता बलूनला सुईच्या टोकाएवढी चीर पडली असं धरा. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी झिरपत असली की खालचा पंप जसा पुन्हा पुन्हा सुरू होतो, तसं इथे घडतं. दिवसातून थोडा वेळ चालायचा तो कंप्रेसर तासातासाला चालतो. त्याच्या पिस्टनवरची सीलची रिंग झिजते. रिंग झिजली की दाब वाढायला वेळ लागतो, म्हणून तो आणखी जास्त वेळ चालतो, आणखी तापतो. स्कॅनर लावला की या टप्प्यावर बहुधा सी-1-ए-20 हा कोड दिसतो. टाकी भरताना दाब फार सावकाश वाढतोय, एवढाच त्याचा अर्थ. मात्र कोड कंप्रेसरकडे बोट दाखवतो म्हणून बरेच मेकॅनिक तिथेच थांबतात.

याहून वाईट प्रकार ड्रायरमध्ये होतो आणि तो फार कमी जणांच्या लक्षात येतो. कंप्रेसरला लागून एक डबी असते, तिच्यात ओलावा शोषणारे दाणे असतात. बाहेरची दमट हवा आत येताना या दाण्यांतून जाते आणि कोरडी होऊन पुढे सरकते. गाडी खाली करताना तीच कोरडी हवा उलट वाटेने दाण्यांतून बाहेर पडते आणि त्यांच्यातला ओलावा सोबत घेऊन जाते. म्हणजे दाणे ओले होतात, पुन्हा सुकतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. पण हवा बलूनच्या चिरेतून निसटत असेल तर ती परत या वाटेने येतच नाही. दाण्यांतून आत जाणारी हवा वाढते, सुकवणारी हवा कमी होते. जून ते सप्टेंबरमधल्या कोकणपट्टीच्या हवेत असं चाललं तर दाणे भिजून त्यांची भुकटी होते, भुकटी व्हॉल्व्हमध्ये बसते, मागोमाग पाणीही तिथे पोचतं. मग व्हॉल्व्ह नीट मिटत नाहीत आणि गळतीला दुसरी वाट फुटते. एका चिरलेल्या बलूनने अशा रीतीने तीन भाग निकामी केलेले असतात. नवा कंप्रेसर बसवून त्यातला एकच बदलला जातो.

म्हणून आधी गळती शोधायची.

इथे गाडी स्वतःच माणसाला फसवते. डिस्कव्हरी उभी असतानाही कंट्रोल युनिट अधूनमधून जागं होतं आणि चारही कोपरे सारखे आहेत का ते पाहतं. एक कोपरा खाली गेला असेल, तर उरलेल्या तिघांतली हवा सोडून ते गाडी त्याच्या बरोबरीला आणतं. सकाळी गाडी चारही बाजूंनी सारखीच बसलेली दिसते. चारही बलून गेले असा समज होतो, आणि गळका मात्र एकच असतो.

उपाय साधा आहे. गाडी सपाट जागी नेहमीच्या उंचीवर उभी करायची. चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही ठिकाणी मोजून लिहून ठेवायचं. मग सस्पेन्शनचा फ्यूज काढायचा, म्हणजे कंट्रोल युनिटला रात्री कुरघोडी करता येत नाही. सकाळी पुन्हा मोजायचं. एकच कोपरा उतरला असेल तर संशय त्या बलूनवर किंवा त्याच्या नळीच्या जोडावर. पुढचे दोन्ही सारखे उतरले असतील तर पुढचा व्हॉल्व्ह ब्लॉक, मागचे दोन्ही असतील तर मागचा. मोजताना तापमानाचं भान मात्र ठेवावं. नाशिककडे हिवाळ्यात दुपारी 30 अंश आणि पहाटे 10 अंश असतील, तर बंदिस्त हवेचं आकारमान सहा-सात टक्क्यांनी घटतं आणि गळती नसतानाही गाडी चारही कोपऱ्यांत थोडीथोडी उतरते. असं उतरणं दुपारच्या उन्हात भरून निघतं. गळती भरून निघत नाही.

मग साबणाचं पाणी. बलून खालच्या टोकाशी स्वतःवरच दुमडलेला असतो आणि चाक वरखाली होताना ती घडी सरकत राहते. चिरा तिथेच पडतात. बारीक खडी आणि चिखल त्या घडीत अडकून रबर घासत राहतो, त्यामुळे पावसाळ्यानंतर हे जास्त दिसतं. गाडी नेहमीच्या उंचीवर असताना घडीचा आतला भाग दिसतच नाही. ती सगळ्यात वरच्या उंचीवर नेली की घडी उलगडते, आणि तिथे फवारा मारून थोडं थांबलं की बारीक फेस धरताना दिसतो. नळ्यांच्या जोडांवर आणि व्हॉल्व्ह ब्लॉकवरही फवारा मारावा. काही गाड्यांत गळती कुठेच सापडत नाही आणि उंचीच्या सेन्सरची दांडी जाम झालेली किंवा त्याचा कनेक्टर गंजलेला निघतो. बॅटरी अशक्त झाली तरी ही गाडी सस्पेन्शनचा दिवा लावते. बॅटरी तपासायला काही मिनिटं लागतात, म्हणून ती आधीच तपासलेली बरी.

हे करताना एक गोष्ट जिवाशी आहे. हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली, बॉडीला भक्कम स्टँड लावल्याशिवाय, हातसुद्धा घालू नये. नळी सुटली किंवा व्हॉल्व्ह उघडला तर गाडी क्षणात खाली येते आणि मधे आलेल्या माणसाला हलायलाही वेळ मिळत नाही. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवणं तर कुठल्याच गाडीखाली बरं नाही.

लँड रोव्हरच्या गाड्यांत या दुखण्याचा सर्वांत जुना अनुभव रेंज रोव्हरच्या मालकांकडे आहे. 1992 मध्ये लांब चेसिसच्या रेंज रोव्हरमध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं एअर सस्पेन्शन आलं आणि 1994 च्या नव्या पिढीत, जिला जाणकार पी-38 म्हणतात, ते सरसकट आलं. पी-38 मध्ये कंप्रेसर आणि व्हॉल्व्ह ब्लॉक बॉनेटखाली एका पेटीत आहेत. इंजिनच्या उष्णतेने तिथल्या ओ-रिंग कडक होतात. गंभीर बिघाड नोंदला की ती गाडी थेट तळावर बसायची, ताशी 35 मैलांची मर्यादा दाखवायची आणि डीलरच्या यंत्राने कोड पुसल्याशिवाय वर उठायचं नाव घ्यायची नाही. ब्रिटन-अमेरिकेतल्या मालकांनी यावर स्वतः वाट काढली. त्यांनी व्हॉल्व्ह ब्लॉक घरच्या टेबलावर उघडून स्वस्तातल्या ओ-रिंगचा संच बसवायला सुरुवात केली. कोड पुसणारं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर चालवलं. आणि सर्वांत सुंदर युक्ती म्हणजे प्रत्येक बलूनच्या नळीत टायरला असतो तसला व्हॉल्व्ह बसवला. सगळी यंत्रणा बंद पडली, तरी हवेचा साधा पंप लावून गाडी चार कोपऱ्यांत उचलायची आणि घर गाठायचं. घाटात किंवा आडगावी जाणाऱ्या जुन्या गाडीसाठी ही तजवीज आजही करून घेण्यासारखी आहे.

दुरुस्तीची वेळ आली की काही गोष्टींत तडजोड करू नये. एका बलूनला चीर पडली असेल, तर त्याच अ‍ॅक्सलवरचा दुसराही तेवढ्याच किलोमीटरचा, तेवढ्याच वयाचा असतो. तो जोडीने बदलावा. डिस्कव्हरीत बलून आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र बसतात, त्यामुळे काम उघडलंच आहे तर शॉकही तपासावा. नवा बलून बसवल्यावर हवा भरण्याआधी गाडीचं वजन त्यावर टाकलं, तर त्याची घडी वेडीवाकडी पडते आणि नवा माल पहिल्याच दिवशी खराब होतो. अनुभवी नसलेल्या गॅरेजमध्ये ही चूक हमखास होते, म्हणून गाडी खाली घेताना मालकाने समोर उभं राहावं. कंप्रेसर बदलताना त्याची रिलेही बदलावी. जुन्या रिलेचे संपर्क वितळून चिकटतात, मग गाडी बंद असतानाही कंप्रेसर चालत राहतो, बॅटरी उतरवतो आणि स्वतः जळतो. रिलेची किंमत कंप्रेसरच्या मानाने किरकोळ आहे. कंप्रेसर जळला नसून नुसता थकला असेल, तर पिस्टनच्या रिंगचा आणि ड्रायरच्या दाण्यांचा संच मिळतो, आणि हात चांगला असलेला फिटर अर्ध्या दिवसात तो उभा करतो. डिस्कव्हरी 3 ला पुढच्या काळात दुसऱ्या कंपनीचा कंप्रेसरही बसवला जाऊ लागला. तो घेतला तर कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअरही त्याच्याप्रमाणे बदलावं लागतं. ते न केल्यामुळे नवा कंप्रेसर ‘खराब’ ठरवून परत पाठवला जातो.

राहिला प्रश्न लोखंडी स्प्रिंगचा. हा मोह जुना आहे. अमेरिकेत 1957 च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूमला एअर सस्पेन्शन होतं, त्याच्या गळतीला कंटाळून कित्येक मालकांनी कॉइल स्प्रिंग बसवून घेतल्या. आजही डिस्कव्हरी, मर्सिडीजची जीएल, लेक्ससची जीएक्स अशा गाड्यांसाठी तसे संच मिळतात. डिस्कव्हरी 3 चं तर काही देशांत कंपनीचंच कॉइलवालं साधं मॉडेल होतं, म्हणजे ही गाडी लोखंडावर चालू शकत नाही असं मुळीच नाही. पण कॉइल बसवली की उंची कायमची एकच होते. शिवाय या गाडीत खडबडीत वाटेवर डाव्या-उजव्या बलूनची हवा एकमेकांना जोडली जाते, त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसरं जमिनीवर टेकून राहतं. तेही संपतं. कंट्रोल युनिटला गप्प बसवायला वेगळा मॉड्यूल लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये वाहनातल्या बदलांवर मर्यादा आहेत, म्हणून हे काम करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी यांना लेखी विचारावं. ज्याची गाडी फक्त शहरात फिरते, जवळपास जाणता मेकॅनिक नाही आणि ती आणखी थोडीच वर्षं ठेवायची आहे, त्याने कॉइल बसवली तर त्यात कमीपणा काही नाही. गाडी ज्यासाठी बनली त्या वाटांवर जो ती खरोखर नेतो, त्याने मात्र हवाच राखावी. गळती वेळेत सापडली तर खर्च आवाक्यात राहतो.

आणि जुनी एअर सस्पेन्शनची गाडी घ्यायला निघालेल्यांसाठी थोडं. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगावं, गाडी आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवावा, ते गार हवं. चारही कोपरे मोजावेत. मग गाडी सुरू करून ती सर्वांत खालून सर्वांत वर न्यायला सांगावी आणि घड्याळ लावावं. ती एखाद-दुसऱ्या मिनिटात न कुरकुरता उठली तर ठीक. चार-पाच मिनिटं लागली, किंवा मधेच थांबून पिवळा दिवा लागला, तर बलूनची जोडी, व्हॉल्व्ह ब्लॉक, ड्रायर आणि कंप्रेसर असा पूर्ण हिशेब किमतीतून वजा करायला सांगावा. विकणारा तयार नसेल तर तिथून निघावं.