जाम बोल्टला हवा वेळ

कांदिवलीच्या पश्चिमेला, चारकोपच्या पलीकडे, खाडी आणि कांदळवन आहे. तिथून पूर्वेच्या डोंगरापर्यंत इमारतींच्या आवारात उघड्यावर लागलेल्या मोटारसायकली जून ते सप्टेंबर भिजतात आणि उरलेले महिने दमट, खारट हवेत उभ्या असतात. अशा गाडीचे पुढचे ब्रेक पॅड बदलायला घेतले की कॅलिपरचा बोल्ट हलत नाही. मग पान्याला लांब पाइप अडकवून जोर लावला जातो आणि बोल्टचं डोकं तरी गोल होतं, नाहीतर बोल्टच तुटतो. जोर लावणाऱ्याची चूक ताकदीची नसते, निदानाची असते. बोल्ट पोलादाचा, तर कॅलिपर आणि बऱ्याच गाड्यांत ज्यात तो बोल्ट बसतो तो फोर्कचा पाय ॲल्युमिनियमचा. खाऱ्या ओलाव्यात हे दोन धातू एकमेकांना टेकले की विजेचा सूक्ष्म प्रवाह वाहतो आणि झीज ॲल्युमिनियमची होते. तिथे जी पांढरी भुकटी साचते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, आणि आट्यांमध्ये ती पाचरीसारखी बसते. पाइप लावून तुम्ही या पाचरीशी झुंजता, पण मोडतात ते मऊ ॲल्युमिनियमचे आटे. काहीशे रुपयांचे पॅड बदलताना फोर्कच गमवायची पाळी येते.

म्हणून आधी ती पाचर सैल करायची. तारेच्या ब्रशने भोवतालची घाण काढून आत मुरणारं तेल सोडावं आणि शक्यतो रात्रभर राहू द्यावं. सर्रास वापरला जाणारा डब्ल्यूडी-४० हा स्प्रे 1953 साली अमेरिकेत मुळात पाणी हटवण्यासाठी बनवला गेला. आट्यांत मुरण्यासाठी खास बनवलेलं तेल त्याहून जास्त भरवशाचं. मग बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे हलके, नेमके ठोके द्यावेत, म्हणजे भुकटीला तडे जातात. सहा कोनांची गोटी वापरावी, बारा कोनांचा घासलेला रिंग पाना नको. बोल्ट आधी किंचित घट्ट करून पाहावा, मग सैल. थोडा सुटला की पुढे-मागे करत काढावा. पॅडची पिन मात्र कॅलिपर फोर्कवर घट्ट असतानाच सैल करून घ्यावी, कारण सुटा कॅलिपर हातात धरून ती उघडत नाही. तेल डिस्कवर किंवा पॅडवर गेलं तर डिस्क स्वच्छ पुसावी. तेल प्यायलेले पॅड फेकूनच द्यावेत.

गॅस बर्नर लावला की काम पटकन होतं, असा युक्तिवाद केला जातो, आणि त्यात तथ्य आहे: तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे पकड ढिली होते. पण कॅलिपरमध्ये रबरी सील आणि ब्रेक ऑइल असतं. ते काढल्याशिवाय उष्णता देणं धोक्याचं. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावण असतं आणि ते तापलं की विषारी वायू तयार होतो, म्हणून क्लीनर मारलेल्या भागावर ज्योत कधीच नको. दुसरा आक्षेप पोटाचा आहे. डिलिव्हरी करणाऱ्या मुलाची गाडी दिवसभर अडकली तर त्याची कमाई बुडते, आणि गॅरेजवाल्यालाही थांबायचे पैसे मिळत नाहीत. हा आक्षेप खरा आहे, म्हणूनच गाडी रात्री सोडावी आणि या कामाचे पैसे वेगळे धरावेत. बोल्ट तुटला तर ड्रिल मारून नवे आटे पाडावे लागतात आणि काम आणखी लांबतं.

आणखी एक शंका: पुढच्या वेळी बोल्ट जाम होऊ नये म्हणून परत बसवताना आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावली, तर तो आपोआप सुटेल का? बोल्टला धरून ठेवतो तो त्याच्या आतला ताण. तो पुरेसा असेल, तर आटे बुळबुळीत असल्याने बोल्ट सहसा सुटत नाही. उलट घर्षण कमी झाल्यामुळे त्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. त्यामुळे त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आटे कोरडे ठेवायला सांगितले आहेत, ग्रीस की थ्रेडलॉक, ते पाहूनच टॉर्क पान्याने आवळावं. डोकं घासलेला बोल्ट परत बसवू नये. त्याच लांबीचा, त्याच ताकदीचा नवा घ्यावा, डब्यात पडलेला दुसरा कुठला नव्हे.