शाळेचे कागद आणि कागदांची शाळा

ऑगस्ट-सप्टेंबर उजाडला की आपल्या घराघरांतून एक ठरलेला कार्यक्रम होतो. मुलांच्या दप्तरातून कागदांचा गठ्ठा बाहेर पडतो (हल्ली तो बऱ्याच ठिकाणी पोर्टलवर असतो, एवढाच फरक), आणि जेवणं आटोपली की आई-बाबांपैकी ज्याला कमी झोप आली असेल तो तो भरायला बसतो. लसीकरणाच्या तारखा, अ‍ॅलर्जी, आणीबाणीच्या वेळचा फोन, वंश, घरची भाषा, जेवणाचा अर्ज, फोटो काढू द्यायचा की नाही... मागच्या वर्षी हेच सगळं लिहून दिलं होतं, मग पुन्हा कशाला, असा प्रश्न पडतोच.

आपल्याला ही कटकट वर्षातून एक-दोन संध्याकाळ पुरते. शाळेला ती बारा महिने असते. आपल्या मंडळींपैकी जे इथल्या पब्लिक स्कूलमध्ये शिकवतात, विशेषतः स्पेशल एज्युकेशनमध्ये, त्यांच्याशी गप्पा मारताना आम्हाला एक गोष्ट दर वेळी जाणवते. त्यांना मुलांचा कंटाळा कधीच आलेला नसतो, कंटाळा आलेला असतो तो फॉर्मांचा. म्हणून हे कागद जातात कुठे, ते कोणी आणि का मागवले, आणि ते कमी करता येतील का, याचा थोडा मागोवा घ्यावा असं वाटलं.

गठ्ठा जातो कुठे?

अमेरिकेत सुमारे ९८ हजार पब्लिक स्कूल्स आहेत. तुम्ही भरलेला फॉर्म शाळेच्या ऑफिसात संगणकात चढवला जातो, तिथून तो डिस्ट्रिक्टकडे जातो, आणि डिस्ट्रिक्टकडून राज्याकडे. राज्याची स्वतःची मोठी यंत्रणा असते: कॅलिफोर्नियात तिचं नाव कॅलपॅड्स, टेक्सासमध्ये पीम्स. राज्यं मग बेरजा करून 'एडफॅक्ट्स' नावाच्या यंत्रणेमार्फत वॉशिंग्टनला पाठवतात. याशिवाय नागरी हक्कांविषयीची एक वेगळी मोजणी १९६८ पासून, बहुतेक दर दोन वर्षांनी, होत आली आहे. ती राज्याला वळसा घालून थेट डिस्ट्रिक्टकडून मागवतात.

गोम इथेच आहे. शाळेतली एकूण मुलं १ ऑक्टोबरच्या सुमारास मोजायची. स्पेशल एज्युकेशनमधली मुलं १ ऑक्टोबर ते १ डिसेंबर यांमधल्या, राज्याने ठरवलेल्या तारखेला मोजायची. शिस्तभंगाच्या शिक्षा वर्षअखेरीस. तेच मूल, पण प्रत्येक खात्याची तारीख वेगळी, व्याख्या वेगळी, रकाने वेगळे. एकाच लग्नाची पत्रिका मुलाकडच्यांनी, मुलीकडच्यांनी आणि मंगल कार्यालयाने निरनिराळ्या मुहूर्तांसह छापावी तसा प्रकार! मग आकडे जुळले नाहीत की वरून विचारणा होते, आणि ती उत्तरं लिहिण्यात ऑफिसातल्या बाईंचा आठवडा जातो.

एवढं विचारतात तरी का?

हा सगळा खटाटोप केवळ सरकारी हौस आहे असं समजण्याचं मात्र कारण नाही. अमेरिकेत शिक्षणाचं केंद्रीय खातं पहिल्यांदा १८६७ साली निघालं ते मुळात आकडेवारी गोळा करण्यासाठीच. ते लवकरच आक्रसून एक लहानसं ऑफिस झालं. आजचं मंत्रालय १९७९ च्या कायद्याने आलं. मधल्या काळात १९६५ साली गरीब वस्त्यांतल्या शाळांना केंद्राचे पैसे देणारा कायदा आला. पैसे आले की हिशेब आलाच. १९७५ मध्ये अपंग मुलांना शाळेचे दरवाजे उघडणारा कायदा झाला, आणि प्रत्येक मुलासाठी वेगळी लेखी योजना, म्हणजे आय.ई.पी., सक्तीची झाली. त्याआधी अशा लाखो मुलांना शाळा सरळ परत पाठवत असत. आज आपल्यातल्या एखाद्या घरात ऑटिझम असलेलं मूल असेल तर तो आय.ई.पी.चा जाडजूड कागद त्या आईबापांच्या हातातलं एकमेव शस्त्र असतं.

जानेवारी २००२ मध्ये 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्यावर सही झाली. तिसरी ते आठवी दर वर्षी, आणि हायस्कुलात एकदा, वाचन आणि गणिताची परीक्षा. आणि निकाल वंश, उत्पन्न, अपंगत्व, इंग्रजीचं ज्ञान असे वेगवेगळे मांडायचे. २०१५ मध्ये त्याच्या जागी आलेल्या कायद्याने शिक्षा सैल केल्या, पण परीक्षा आणि रकाने ठेवले. या रकान्यांचा उपयोग काय? एकच उदाहरण देतो. २०११-१२ च्या नागरी हक्क मोजणीत असं दिसलं की प्रीस्कूलमध्ये कृष्णवर्णीय मुलं १८ टक्के होती, पण एकाहून अधिक वेळा शाळेतून निलंबित झालेल्या प्रीस्कूलच्या मुलांत मात्र ४८ टक्के. चार वर्षांच्या पोरांची ही गोष्ट! मोजलं नसतं तर ती प्रत्येक शाळेच्या चार भिंतींतच राहिली असती.

भाषेचा रकाना

आपल्या कुटुंबांशी सगळ्यात जवळचा कागद म्हणजे 'होम लँग्वेज सर्व्हे'. घरी कोणती भाषा बोलता, मूल पहिल्यांदा कोणती बोललं, असे दोन-तीन प्रश्न. १९७४ च्या लाउ विरुद्ध निकोल्स या खटल्यात, इंग्रजी न येणाऱ्या मुलांना नुसतं वर्गात बसवून ठेवणं म्हणजे शिक्षण नव्हे, असं सुप्रीम कोर्टाने म्हटलं. तिथून पुढे अशी मुलं शोधून काढणं शाळांची जबाबदारी झाली.

आपण 'मराठी' लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होते. मूल पास झालं तर प्रश्न मिटला. बालवाडीतलं लाजरं पोर अनोळखी बाईंसमोर गप्प बसलं तर 'इंग्लिश लर्नर' ठरतं, आणि त्या यादीतून बाहेर पडेपर्यंत दर वर्षी परीक्षा. पालकांना जादा वर्ग नाकारता येतात, पण परीक्षा टळत नाही. म्हणूनच आपल्याकडे एक कानमंत्र फिरतो: सरळ 'इंग्लिश' लिहून मोकळं व्हा.

आम्हाला हा कानमंत्र पटत नाही. ज्या मुलाला खरोखर मदत हवी असते ते त्याने वाऱ्यावर पडतं. आणि दुसरं म्हणजे, आपणच आपल्याला पुसून टाकतो. गणपतीला हॉल भरून वाहतो आणि डिस्ट्रिक्टच्या तक्त्यात मराठी घरं दोन! उद्या मराठीला परदेशी भाषा म्हणून मान्यता द्या म्हणायला गेलो तर कोणता आकडा दाखवणार?

वंशाच्या रकान्याचाही असाच इतिहास आहे. १९७० च्या जनगणनेत भारतीय लोक 'गोरे' मोजले गेले होते. इथल्या भारतीयांनी मागणी लावून धरली आणि १९८० मध्ये 'एशियन इंडियन' हा वेगळा पर्याय आला. शाळेच्या फॉर्मात हा रकाना कोरा सोडला तर आपल्या मुलाकडे बघून शाळेतल्या कोणीतरी तो भरावा, असं केंद्राचं २००७ चं मार्गदर्शन सांगतं. त्यापेक्षा आपण भरलेला बरा.

ओझं कमी करण्याचे प्रयत्न

ग्रीन कार्डाचे फॉर्म भरताना कोपऱ्यात 'ओ.एम.बी.' नंबर आणि सूचनांच्या शेवटी 'हा फॉर्म भरायला अंदाजे इतके तास लागतील' हे वाक्य आपण सगळ्यांनी पाहिलंय. ती १९८० च्या (आणि १९९५ मध्ये सुधारलेल्या) पेपरवर्क रिडक्शन कायद्याची कृपा. केंद्राने शाळांकडून काही मागवायचं तर तेच बंधन. पण तास मोजले म्हणून ते कमी होत नाहीत!

२००४ मध्ये स्पेशल एज्युकेशनच्या कायद्यात दुरुस्ती करून पंधरा राज्यांपर्यंत कागदपत्रांत सूट देण्याचा प्रयोग ठरला. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१६ मध्ये नोंदवलं की त्यात एकही राज्य सामील झालं नाही. त्याच अहवालात आणखी एक महत्त्वाची गोष्ट होती: ओझ्यातला बराच भाग केंद्राचा नसतोच, राज्यं आणि डिस्ट्रिक्ट्स, उद्या कोणी कोर्टात खेचलं तर हाताशी असावं म्हणून, आपापल्या रकान्यांची भर घालत जातात. म्हणजे फोडणी वॉशिंग्टनची, पण तिखट गावातलंच.

जेवणाच्या अर्जाची कथा याहून बोधप्रद. शाळेतल्या जेवणाचा राष्ट्रीय कायदा १९४६ चा. त्यासाठी घरोघरच्या उत्पन्नाचे अर्ज गोळा करणं हे मोठं काम. २०१० च्या कायद्याने तोडगा काढला: फूड स्टॅम्पसारख्या योजनांच्या याद्यांवरून शाळेतली ४० टक्के मुलं आधीच गरजू ठरत असतील तर अर्जच नकोत, सर्वांना फुकट जेवण द्या. २०१४ पासून ही सोय देशभर मिळाली. २०२३ मध्ये ४० ची अट २५ टक्क्यांवर आली. कागद गेले, आणि रांगेत 'फुकट्या' म्हणून ओळखलं जाण्याची मुलांची शरमही गेली. जी माहिती सरकारच्या एका खात्याकडे आहे ती आईबापांकडून पुन्हा मागू नये, हा यातला खरा धडा.

पण अर्ज गेले तशी एक पंचाईत झाली. कोणत्या शाळेत गरीब मुलं किती, हे वर्षानुवर्षं त्याच अर्जांवरून ठरत होतं आणि त्यावर इतर अनुदानं अवलंबून होती. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये सर्वांना जेवण दिलं, तर अनुदानासाठी अनेक शाळांना वेगळा उत्पन्नाचा फॉर्म काढावा लागला. एका दाराने गेलेला कागद दुसऱ्या दाराने परत आला.

आजार आणि औषध

मार्च २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचे जवळजवळ निम्मे कर्मचारी कमी करण्याचा आदेश निघाला. शंभरेक लोकांच्या राष्ट्रीय शैक्षणिक सांख्यिकी केंद्रात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं उरली. जुलैत सुप्रीम कोर्टाने ही कपात पुढे जाऊ दिली. यात शाळांचं ओझं हलकं झालं का? शाळांनी माहिती द्यावी असं सांगणारे कायदे त्या कपातीने बदलले नाहीत. कमी झाले ते आकडे तपासून, नीट लावून, लोकांपुढे ठेवणारे हात. हमालाच्या डोक्यावरचं ओझं तसंच, फक्त गोदामातला कारकून घरी पाठवला!

आपल्याकडेही हे नवं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारे आपले नातेवाईक 'यूडायस' आणि 'सरल'च्या नावाने काय बोटं मोडतात ते आपण सुट्टीत ऐकतोच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकांना जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं देऊ नयेत म्हटलं, तरी 'ऑनलाइन माहिती भरा' थांबत नाही. उलट बाजूही आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्रात एकाच वेळी पटपडताळणी झाली तेव्हा कागदावर असलेली पण वर्गात नसलेली मुलं लाखांनी निघाली. न तपासलेला आकडा हा कोणाच्या तरी खिशात जातो.

तेव्हा आमचं म्हणणं इतकंच: विचारा, पण एकदाच विचारा. सगळ्या खात्यांनी एकच तारीख आणि एकच व्याख्या धरावी. नवा रकाना आणायचा तर जुना एक काढावा. टेक्सासच्या शिक्षण कायद्यात, शिक्षकांकडून तोच तो तपशील मागवू नये आणि लेखी अहवालांची संख्या व लांबी मर्यादित ठेवावी, असं शाळा-मंडळांना बजावलंय. आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये असा नियम आहे का, हे स्कूल बोर्डाच्या सभेत उभं राहून विचारायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही.

आपल्या हातात काय?

भारतात जाताना शाळेला आधी कळवा. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत अनुदान रोजच्या हजेरीवर ठरतं. कारण योग्य असलं तरी गैरहजर दिवसाचे पैसे शाळेला मिळत नाहीत. तिथे 'इंडिपेंडंट स्टडी'चा करार आधी केला तर मुलाचा अभ्यास आणि शाळेचे पैसे दोन्ही वाचू शकतात. मिशिगनमध्ये ऑक्टोबरचा पहिला बुधवार हा मोजणीचा दिवस, त्या दिवशी मूल शाळेत हवं. १८० दिवसांतले १८ बुडाले की मूल 'क्रॉनिकली अ‍ॅब्सेंट' गणलं जातं, मग ते आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला गेलेलं का असेना.

१९७४ च्या 'फर्पा' कायद्याने मुलाची शाळेतली नोंद बघण्याचा आपल्याला हक्क आहे. मागणी केल्यापासून ४५ दिवसांत ती दाखवावी लागते. चूक दिसली तर दुरुस्ती मागा. हायस्कूलच्या मुलांची नावं, पत्ते, फोन सैन्यभरतीवाल्यांना द्यावे लागतात. नको असेल तर तसं लेखी कळवावं लागतं. आणि १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो निकालाप्रमाणे इमिग्रेशनच्या कागदांवरून मुलाला शाळा नाकारता येत नाही. व्हिसाची काळजी असलेल्या नव्या कुटुंबांना हे जरूर सांगा.

आणि शेवटचं. शाळेकडून फॉर्म आला की तो वेळेवर, पूर्ण आणि खरा भरून द्या. आपण एक रकाना कोरा सोडला की कोणीतरी तीन फोन करतं, आणि ते कोणीतरी बहुधा वर्गातल्या बाईच असतात. ती पंधरा मिनिटं त्यांनी आपल्या पोराला अपूर्णांक समजावण्यात घालवलेली आपल्याला जास्त आवडतील, नाही का?