माशी, बांध आणि रक्तदाब

मोठे संकट माणूस कसे सोसतो, हे आम्ही या भागात अनेकदा पाहिले आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट होते, उभा गहू आडवा पडतो, मोहरीच्या शेंगा जमिनीवर झडून जातात. घरधनी बांधावर उभा राहतो, क्रुसाची खूण करतो आणि गुपचूप घरी येतो. शेजारीपाजारी येऊन बसतात, चहा होतो, पुढे काय करायचे याचा विचार सुरू होतो. आणि हाच मनुष्य पंधरा दिवसांनी शेजाऱ्याच्या बकरीने कोथिंबिरीचा एक वाफा खाल्ला म्हणून असा खवळतो, की दोन घरांचे बोलणे सहा महिने बंद पडते.

रविवारी मिस्सा संपल्यावर मंडळी बोलायला थांबतात. त्या वेळी गारपिटीच्या तक्रारी थोड्या, बकरीच्या जास्त. कुणी खुरपे नेले ते परत केले नाही. कुणी धुण्याचे पाणी गल्लीत सोडून दिले. मिस्सेला आलेल्याने मोटारसायकल नेमकी फाटकातच उभी केली. अर्पणविधीच्या वेळी कुणाचा तरी मोबाइल वाजला आणि तो बंद करण्यासाठी त्या गृहस्थाला चारही खिसे चाचपावे लागले. मुलगा फोनवरचे व्हिडिओ मोठ्या आवाजात लावतो. सासूने "किती वेळा सांगायचे!" म्हटले की सून उलट बोलत नाही, फक्त पातेले जरा जोरात ठेवते. ऐकणाऱ्याला यात हसू येते. ज्याचे त्याला मात्र येत नाही, आणि त्याचे काही चुकते असे आम्हांला वाटत नाही.

या किरकोळ कटकटींचा अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात रिचर्ड लाझारस नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोजच्या ११७ कटकटींची एक यादी तयार केली आणि १०० मध्यमवयीन स्त्री-पुरुषांकडून ती महिन्यामागून महिना भरून घेतली. सर्वांत जास्त वेळा आलेल्या गोष्टी तुमच्या-आमच्या घरातल्याच होत्या: महागाई, घराची दुरुस्ती, घरच्या माणसाची तब्येत, एकदम अंगावर आलेली कामे, वस्तू जागेवर न सापडणे. १९८१ साली त्यांनी जो निष्कर्ष छापला त्याने पुष्कळांना विचारात पाडले. मृत्यू, नोकरी जाणे, स्थलांतर अशा मोठ्या घटनांपेक्षा मनाच्या आजाराच्या लक्षणांशी या बारीकसारीक कटकटींचाच संबंध अधिक जवळचा दिसला. मोठे दुःख कधीतरी येते, आणि येते तेव्हा चार माणसे खांदा द्यायला येतात. खुरपे हरवल्याबद्दल सांत्वनाला कोण येणार?

पण क्षुल्लक गोष्ट इतकी का झोंबते? याचे उत्तर आणखी एका प्रयोगात सापडते. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या दोघांनी लोकांना कर्कश आवाजात बसवून कामे दिली. काहींच्या हाताशी एक बटन ठेवले आणि सांगितले, अगदीच असह्य झाले तर हे दाबा, आवाज थांबेल. पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलेच नाही. आवाज सर्वांनी सारखाच ऐकला. तरीही नंतर दिलेल्या कामात बटनवाली माणसे अधिक चिकाटीची ठरली आणि त्यांच्या चुकाही कमी झाल्या. १९७२ साली हे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. म्हणजे त्रास नुसत्या आवाजाचा नव्हता. तो केव्हा येईल हे ठाऊक नसणे आणि आपल्या हातात काहीच नसणे, त्रास त्याचा होता.

ग्वाल्हेरच्या माणसाला हे फोड करून सांगायला नको. डिसेंबरच्या थंडीत तानसेनाच्या समाधीपाशी समारोह भरतो, तेव्हा हाच शहाणा मनुष्य कानाला मफलर बांधून रात्री उशिरापर्यंत गाणे ऐकत बसतो आणि म्हणतो, जीव सुखावला. त्याच महिन्यात गावच्या वरातीचा डीजे अर्धा तास वाजला की त्याचे डोके उठते. पहिला आवाज त्याने स्वतः निवडलेला, दुसरा त्याच्यावर लादलेला. (२०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे शहर म्हणून मान दिला. त्यात डीजे धरलेला नसावा.) रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला कायद्याने बंदी आहे, आणि आपल्या सणाचा बँडही कुणाच्या तरी झोपेवरच वाजत असतो, हेही इथेच नमूद करतो.

आता शेताकडे या. गव्हाला पहिले पाणी पेरणीनंतर वीस-एकवीस दिवसांनी, मुकुटमुळे फुटतात तेव्हा द्यावे लागते. ते चुकले की फुटवे कमी, आणि पुढे कितीही पाणी दिले तरी ती तूट भरून येत नाही. हे दिवस नेमके डिसेंबरात येतात. शेतीच्या फीडरला वीज काही तास दिवसा, काही तास रात्री. शेतकरी धुक्यात, गुडघाभर थंडीत, बॅटरी घेऊन बाऱ्यावर उभा असतो. पाणी नसेल त्या रात्री नीलगाई आणि मोकाट गुरे हाकायला माचाणावर. अशा वेळी सामाईक विहिरीवर शेजाऱ्याने मोटर अर्धा तास जास्त चालवली, की सकाळी बांधावर शिव्यांची पाळी सुरू होते. अर्धा तास ही काही मोठी गोष्ट नाही, हे त्यालाही कळते. पण आपल्याला न विचारता, न सांगता चालवली, हे त्याला सहन होत नाही. आदल्या संध्याकाळी शेजाऱ्याने नुसते "उद्या अर्धा तास जास्त लागेल, दादा" म्हटले असते, तर त्याने पाणीही दिले असते आणि वर बिडीही.

त्यात झोपेचा हिशोब धरलाच पाहिजे. चार रात्री अर्धवट झोपलेल्या माणसाचा स्वभाव बदलतो. त्याला वाटते, जग बिघडले. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो, लू चालते, रात्री भिंतीही गरम असतात. तेव्हा घरोघरी भांडी जोरात आपटू लागतात ती उगीच नव्हे. सांक नदीवरच्या आपल्या तिघरा धरणावर विश्वेश्वरय्यांच्या योजनेचे दरवाजे बसवले होते. पाणी ठरल्या पातळीला आले की ते आपोआप उघडत आणि पातळी उतरली की आपोआप मिटत. माणसाला तसले दरवाजे नाहीत. कर्जाचा हप्ता, झोप, उष्मा, गुडघेदुखी असे आत साचत जाते आणि बकरी तेवढी शेवटी येते. मार बकरीला बसतो.

जनावराचेही असेच आहे, आणि गाईम्हशी पाळणाऱ्यांना ते आमच्याहून अधिक कळते. गोठ्यात एक चावरी माशी असते. दिसायला घरमाशीसारखीच, पण बसते जनावराच्या पायांवर आणि रक्त पिते. म्हैस सारखी पाय आपटते, शेपटी मारते, धड चरत नाही, बसत नाही, आणि धारेला बसलात की पान्हा चोरते. चिडलेल्या जनावराच्या रक्तात अॅड्रेनॅलिन उतरते आणि ते पान्हा सोडणाऱ्या रसाचे काम अडवते. कासेत दूध असते, बादलीत येत नाही. अशा वेळी म्हशीला काठी घालणारा शेतकरी दुधावर आणखी पाणी सोडतो.

तेच अॅड्रेनॅलिन आपल्याही अंगात आहे. छाती धडधडते, रक्तदाब चढतो. २०२४ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाने २८० निरोगी तरुण माणसांवर केलेली तपासणी प्रसिद्ध झाली. काहींना फक्त आठ मिनिटे, पूर्वी राग आलेला प्रसंग आठवायला लावले. त्यानंतर चाळीस मिनिटांपर्यंत त्यांच्या रक्तवाहिन्या नेहमीसारख्या सैलावत नव्हत्या. आठ मिनिटांच्या आठवणीचा हा परिणाम. आणि आपण बांधावरचे भांडण संध्याकाळी पारावर तीनदा सांगतो! रागाच्या झटक्यानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका जवळजवळ पाचपट होतो, असे त्याआधी २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र तपासून मांडले गेले होते. धडधाकट माणसाला हा धोका मुळात थोडा असतो, म्हणून घाबरून जाऊ नये. पण ज्याला रक्तदाब आहे, साखर आहे, जो तंबाखू-बिडी सोडत नाही, आणि जो रोज चिडतो, त्याने हे कानाआड करू नये.

चंबळच्या या मुलखात आणखी एक धोका आहे. खांद्यावर परवान्याची बंदूक ही इथे प्रतिष्ठा समजतात. मुरैना जिल्ह्यातल्या भिडोसा गावचा पानसिंग तोमर तुम्हांला माहीत आहे: फौजेतला शिपाई, स्टीपलचेस शर्यतीतला राष्ट्रीय विजेता, १९५८च्या आशियाई खेळांत धावलेला. जमिनीच्या वादातून तो बागी झाला आणि १९८१ साली पोलिसांच्या चकमकीत मारला गेला. त्याचा वाद जमिनीचा होता, किरकोळ नव्हता. पण रस्त्यात ट्रॅक्टर आडवा लावला, लग्नात पंगतीला आधी कोण बसले, असल्या कारणांवरूनही या भागात रक्त सांडलेले आहे. राईचा पर्वत करू नये म्हणतात. आमचा मुलूख तर राईचाच.

यावर सबुरीचे प्रवचन देणे आम्हांला सोपे आहे, आणि देतोही. पण आमचे मत असे, की निम्म्या कटकटींना प्रवचनाची नव्हे, दुरुस्तीची गरज असते.

माशीचेच घ्या. उन्हाळ्यात अंड्यापासून उडती घरमाशी व्हायला सात ते दहा दिवस पुरतात, आणि एक मादी एका वेळी शंभरेक अंडी घालते. उकिरडा दारात उघडा असेल, तर हाताने माश्या वारून काय होणार? खड्डा करा, घरापासून आणि विहिरीपासून दूर. शेण रोज त्यात टाका आणि वर मातीचा थर द्या. आतल्या उष्णतेने अळ्या मरतात आणि खतही चांगले कुजते. चावरी माशी गव्हाणीखाली मुताने भिजून कुजलेल्या वैरणीत वाढते. ती जागा दोन-तीन दिवसांआड खरवडून कोरडी करा. डास कानाशीच का गुणगुणतो, असे मुले विचारतात. आपण सोडलेल्या श्वासाच्या मागावर तो येतो, म्हणून तोंडाजवळ घोटाळतो. त्याचाही हिशोब आठवड्याचाच आहे. कूलरची टाकी, गुरांचे टाके, छपरावरचे टायर आठ दिवसांतून एकदा रिकामे करून घासले, की पावसाळ्यानंतरचा डेंगीही कमी होतो आणि झोपही मिळते. डेंगीचा डास दिवसा चावतो, तेव्हा दुपारी पाळण्यातल्या मुलावरही मच्छरदाणी हवी.

पाण्याच्या पाळीची वही ठेवा. सामाईक विहिरीवर कुणी, कधी, किती वेळ, हे लिहून मोटरच्या खोलीत टांगा. वही म्हणजे ते प्रयोगातले बटन समजा. खुरप्या-कुदळीच्या दांड्यांना रंगाचे पट्टे ओढा. आणि शेजाऱ्याला काही सांगायचे असेल तर दिवसाउजेडी, दोघेही जेवलेले असताना सांगा. रात्रीच्या पाळीनंतर नको, आणि फोनवर तर मुळीच नको.

दुरुस्त न होणाऱ्या गोष्टी उरतातच. म्हाताऱ्या वडिलांचे खाकरणे, नवऱ्याचे बशीतून फुर्रकन चहा पिणे. त्यांना वही लावता येत नाही. लिझ्यूची संत तेरेजा कार्मेल मठात होती, तेव्हा प्रार्थनेच्या वेळी तिच्या मागे बसणारी एक भगिनी सारखा कसलासा बारीक आवाज करी. तेरेजाला घाम फुटे. मागे वळून एकदा नजर टाकावी, म्हणजे ती गप्प होईल, असे तिला वाटे. तिने तसे केले नाही. आवाज ऐकू न येण्याची धडपडही तिने सोडली आणि उलट तो नीट कान देऊन ऐकू लागली, जणू एखादी मैफल आहे, आणि तीच मैफल तिने प्रभूला वाहिली. धुणे धुताना समोरची भगिनी तिच्या तोंडावर घाण पाणी उडवी. तिथेही ती मागे सरली नाही. चोवीस वर्षांची असताना, १८९७ साली, ती क्षयाने वारली, आणि १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला ख्रिस्तसभेच्या आचार्यांत स्थान दिले. मोठमोठ्या पंडितांच्या पंगतीत ही आवाज सोसणारी पोर बसली, याचे आम्हांला फार कौतुक वाटते.

मात्र तेरेजाचे नाव घेऊन कुणी भलतेच सोसायला सांगू नये. दारू पिऊन मारहाण, सुनेचा रोजचा पाणउतारा, बांध कोरून जमीन खाणे, या किरकोळ कटकटी नव्हेत. त्या सोसायच्या नसतात, बोलून दाखवायच्या असतात. घरात कुणी ऐकत नसेल तर आमच्याकडे यावे.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने आरोग्य केंद्रात रक्तदाब तपासून घ्यावा. तिथे पैसे पडत नाहीत. १४०/९०च्या वर दोन-तीनदा भरला तर डॉक्टरांनी दिलेली गोळी रोज घ्यावी, बरे वाटले म्हणून मनाने सोडू नये. भांडणानंतर छातीत दाब आला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, दरदरून घाम फुटला, तर गॅस झाला म्हणून ओवा चघळत बसू नये. लगेच १०८ला फोन करावा, आणि जवळ शेजारीच असेल, कालच भांडलेला असला तरी, त्यालाच हाक मारावी. त्याच्याकडे गाडी असते.