साथीचे रोग, भय आणि विश्वास

साथीच्या दिवसांत वैद्यकीय सूचना श्रद्धावंतांना सांगण्याचे काम धर्मगुरूंकडे व धर्मशिक्षकांकडे येते. सूचना नीट समजावली की ती पाळली जाईल, असे आपण गृहीत धरतो. अनुभव मात्र निराळा आहे.

१८९७ चे वर्ष घ्या. १० जानेवारीला मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. २० ऑगस्टला आमच्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू दिसले. ज्ञान झपाट्याने वाढत होते. त्याच वर्षी पुण्यात मात्र प्लेगनिवारणासाठी सोल्जर घरांत शिरले, स्त्रियांची तपासणी झाली, सामान जाळले गेले. लोक रोगी लपवू लागले. २२ जूनच्या रात्री रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली. रोग्यास वेगळे ठेवणे हा उपाय वैद्यकदृष्ट्या गैर नव्हता; पण तो ज्या हातांनी आला, त्या हातांवर कोणाचा विश्वास नव्हता. पंडिता रमाबाई ख्रिस्ती होत्या, मिशनऱ्यांच्या स्नेही होत्या. तरीही प्लेगच्या इस्पितळातील स्त्रियांच्या हालांविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीरपणे लिहिले. त्यांना अडाणी कोण म्हणेल?

हैदराबादेत तयार झालेल्या कोव्हॅक्सिनला ३ जानेवारी २०२१ रोजी परवानगी मिळाली, तेव्हा तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचे निष्कर्ष हाती नव्हते. काही डॉक्टरही बिचकले. श्रद्धावंतांपैकी काहींना गर्भपाताशी संबंध असलेल्या पेशींची चिंता होती. रोमने २१ डिसेंबर २०२० च्या टिपणात, निर्दोष पर्याय नसल्यास अशा लसी घेण्यास नैतिक हरकत नाही, असे स्पष्ट केले होते. कोव्हॅक्सिन तर माकडाच्या पेशींवर वाढविलेल्या विषाणूपासून बनते. ही माहिती शांतपणे देण्याऐवजी ‘अंधश्रद्धा’ म्हणून हिणवल्यास संवादच खुंटतो.

संत थॉमस अक्वायनस यांच्या मते भय हा मनाचा विकार आहे. तो स्वतःहून पापही नव्हे, पुण्यही नव्हे. शिवाय, न दिसणारी गोष्ट आपण सांगणाऱ्याच्या भरवशावर मानतो, हे श्रद्धेच्या शिकवणीतून आपल्याला ठाऊक आहे. विषाणूही दिसत नाही. तेव्हा ‘हे सांगतो कोण?’ हा प्रश्न रास्तच ठरतो. आमच्या मते वेदीवरून वैद्यकीय हुकूम सोडणे हा त्या भरवशाचा गैरवापर होय. जे निश्चित ठाऊक आहे तेवढेच सांगावे.

धर्मशिक्षकाने पत्रक हाती देण्याआधी घरच्यांना कशाचे भय वाटते ते विचारावे. पुष्कळदा ते लसीचे नसतेच. इस्पितळात नेलेले माणूस पुन्हा दिसेल काय, त्याला अखेरचे संस्कार मिळतील काय, दफन कोठे होईल, हे प्रश्न मनात असतात. त्यांची उत्तरे इस्पितळाकडून आणि दफनभूमीच्या व्यवस्थापकांकडून आधी मिळवावीत. पत्रक दुसऱ्या भेटीत दिले तरी चालेल.